सुमित्राचा फोटो

बारा वर्षांपूर्वी बंद पडलेली 'जहागीरदारांची वाटणी' ही मालिका पुन्हा सुरू झाली आणि धाकट्या सुनेचं, सुमित्राचं, जुनं काम स्वरूपाकडेच आलं. नवरा म्हणाला, "आधी बिनपगारी रजा टाकून बघ." पण बाईंच्या अंगात वारं शिरलेलं! चाकणच्या कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडून, अख्ख्या असेंब्ली लाइनला पेढे वाटून ती मोकळी झाली.

मालिकेतलं भांडण तेच होतं. दोन भाऊ, एक साखर कारखाना आणि कान भरणाऱ्या बायका. शूटिंग निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्यात चाले. विसाव्या दिवशी दिग्दर्शक अनिश म्हणाला, "स्वरूपाताई, तुमचा एक साधा फोटो काढायचाय. फिकी साडी, हलकं हसू."

स्वरूपाला मागची खेप आठवली. तेव्हा मालिकेतल्या सासऱ्यांचा असाच फोटो काढला होता. चौथ्या दिवशी तो चंदनाचा हार घालून दिवाणखान्यात लागला आणि ते काम करणारा बिचारा नट घरी बसला. मालिकेत माणूस देवाच्या नाही, चॅनलच्या मर्जीने मरतो.

"कशासाठी हो?" तिचा आवाज चिरकला.

"वरून सांगितलंय," मोबाइलमधून मान वर न काढता अनिश म्हणाला.

सासूचं काम करणाऱ्या अरुंधतीबाई शेजारीच मेकअप करून घेत होत्या. त्यांनी नजर चुकवली, तेव्हा मात्र स्वरूपाची खात्रीच पटली. आता कंपनीत कोण परत घेणार होतं?

फोटोच निघाला नाही तर? भीतीने माणसाला काय काय सुचतं! पहिल्या क्लिकला तिने डोळे मिटले. दुसऱ्याला शिंकली, तिसऱ्याला मान हलवली. हसू तर ओठांवर येतच नव्हतं, त्याला काही सोंग करावं लागलं नाही.

नवव्या फोटोला अनिश वैतागला. "राहू द्या ताई. जुन्या भागातला एक मिळाला." त्याने मोबाइल पुढे धरला. बारा वर्षांपूर्वीची सुमित्रा मनापासून हसत होती. "हाच लावू. आता तुमची गरज नाही."

अरुंधतीबाई उठून आल्या. फोटो बघून त्यांचे डोळे खरोखर भरले. "किती गोड होती गं पोरगी," त्या म्हणाल्या.

"अहो, मी इथंच आहे," स्वरूपा म्हणाली. तोवर अनिशने फोटो फ्रेमवाल्याला पाठवलाही होता.