दूध कोमट होईपर्यंत

माझ्या बायकोचं, शांताचं, तेरावं झालं, पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी जेवताना मला कळलं की घरातलं विरजण गेलं. माझ्या भाचीनं, स्वातीनं, मला त्रास नको म्हणून फ्रिज रिकामा करून पुसून ठेवला होता. दह्याचं भांडंही घासून पालथं घातलेलं.

ते विरजण माझ्या आईच्या हातचं. लग्न होऊन बरकतपुऱ्यातल्या या घरात आल्यापासून शांतानं ते रोज लावून टिकवलं होतं. मी रोज दही खाल्लं. ते रोज कुणाला तरी लावावं लागतं, हे मनात आलं नाही.

मुलगी प्राची बंगळूरहून फोनवर म्हणाली, “बाबा, पॅकेट मागवा ना. दहा मिनिटांत दारात येतं.”

“पॅकेटचं नको. हेच हवं.”

“हेच आता कुठून आणणार?”

मग इंदुताई आठवल्या. शांताची मैत्रीण. पूर्वी आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. दिलसुखनगरला राहायला गेल्या तेव्हा शांतानं त्यांना डबीत विरजण दिलं होतं. मी रिक्षा करून गेलो.

“या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “ज्येष्ठांच्या मंडळात चांगल्या सवयींवर भाषणं देणारा माणूस विरजण मागायला आला!”

“आहे ना पण?”

“हौ, आहे ना. शांताताईंचं मी मरू देईन का? पण सगळं एकदम वापरू नका. निम्मं ठेवा.”

निम्मं ठेवलं ते बरं झालं. पहिल्या दिवशी मी गरम दुधातच विरजण घातलं आणि सवयीप्रमाणे साडेनऊला झोपलो. सकाळी भांड्यात पाणी आणि चोथा.

नोकरीत होतो तेव्हापासून साडेनऊला मी दिवा बंद करायचो. पहाटे उठणं, फिरणं, प्राणायाम, सगळं वेळेवर. निवृत्तीनंतर मंडळात लोकांना हेच सांगायचो. शांता स्वयंपाकघरातून हाक मारायची, “बसा ना जरा. दूध निवतंय.” मी म्हणायचो, “माझी झोपायची वेळ झाली.” पुढे पुढे तिनं हाक मारणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी दूध तापवून मी इंदुताईंना फोन लावला.

“बोट घाला दुधात,” त्या म्हणाल्या. “चटका बसतोय?”

“बसतोय.”

“मग थांबा. घाई नको. शांताताई मला याच वेळेला फोन करायच्या. दूध निवेपर्यंत आमच्या गप्पा.”

“रोज?”

“रोजच म्हणा ना. तुम्ही झोपलेले असायचात.”

“काय बोलायचात?”

“काय असणार? भाजी, प्राची, गुडघा.”

“कुणाचा गुडघा?”

“त्यांचा हो. जिना चढताना दुखायचा. सांगितलं नव्हतं तुम्हाला?”

फिरायला जाताना मी शांताला म्हणायचो, रोज चाललीस तर तब्येत सुधारेल. ती नको म्हणायची. मला वाटायचं, आळस.

“भाऊ, आहात ना? बोट घाला परत.”

घातलं. दूध कोमट झालं होतं. विरजण घालून ढवळलं, झाकण ठेवलं. साडेनऊ कधीच वाजून गेले होते.

सकाळी दही लागलं होतं. थोडं सैल, पण चव तीच. मी लगेच इंदुताईंना कळवलं. त्या म्हणाल्या, “आता रोज लावा. एक दिवस चुकलं तर चालेल, पण विसरू नका.”

आता मी रोज लावतो. दूध निवेपर्यंत ओट्याजवळ शांताच्या स्टुलावर बसतो. तो वेळ बराच मोठा असतो. प्राची दिवाळीला आली की तिच्याबरोबर विरजणाची डबी द्यायची आहे. ती नेईल की नाही, माहीत नाही. दूध निवताना रोज मनात येतं, शांता मला बसा म्हणायची तेव्हा तिला काय सांगायचं असायचं, ते विचारायचं राहून गेलं.