सुनावणीच्या सकाळी सोडलेली मुलगी

वकीलबाई काळ्या कोटाची बटणं लावत कोर्टाचा जिना चढल्या, तर सरकारी वकील वरच हसत उभे.

"तुमच्या दाव्यातली मुलगी सकाळीच सोडली. सुंठीवाचून खोकला गेला. आता कशावर भांडणार?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही तिसरी खेप. परदेशातून आलेल्या मुलांना कोठडीत डांबणंच बेकायदा ठरावं म्हणून त्या एकेका मुलाच्या नावाने दावा लावायच्या, आणि निकाल जवळ आला की सरकार नेमकं तेवढंच मूल सोडून मोकळं व्हायचं. मूल सुटलं की दावा संपला. बाकीची पोरं आतच. शुद्ध लबाडी, तीही कायद्यात बसवलेली. त्यांना स्वतःचाही संताप आला, कारण मुलगी सुटल्याचं ऐकून त्यांना आनंद झाला नव्हता.

मुलीची आई बाकावर बसून होती. सीमेवर पोरीला तिच्या हातून ओढून नेलं, त्याला कित्येक महिने झाले होते. एवढ्यात पहारेकरी एका सहा-सात वर्षांच्या मुलीला दंडाला धरून घेऊन आला. आई धावली आणि मध्येच थांबली.

मग हळूहळू पुढे गेली. मुलीची हनुवटी वर करून तिच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

आईने मुलीचा हात धरला. तेवढ्यात पुकारा झाला.

आत न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मुलगी मिळाली ना? मग मिटलं."

"ही माझी नाही, साहेब."

सरकारी वकिलांचं हसू मावळलं. ज्यांना कुलपाआडची पोरं धड ओळखताही येत नव्हती, ते म्हणे त्यांचा सांभाळ करत होते. बाईंचा दावा जिवंत राहिला होता, आणि असा पुरावा त्यांना शोधूनही सापडला नसता.

"गफलत झाली," सरकारी वकील म्हणाले. "हिला परत नेतो. हिच्या नावाने दावाच नाही."

पहारेकरी पुढे आला. त्याला बघून मुलगी मुकाट्याने हात सोडवू लागली. आईने तो सोडला नाही.

"माझी आणा," ती म्हणाली. "पण हिला मी परत देणार नाही."

वकीलबाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि खाली वाकून मुलीला तिचं नाव विचारलं.