जिवनबाईचा कासरा

जिवनबाई माऊस सोडून उठली की पुनमचंद तो फडक्याने पुसायचा. तिच्या तांड्यावर हळद शिजवण्याचे दिवस होते आणि तिची बोटं पिवळी असायची. औंढ्याच्या त्या कॉम्प्युटर क्लासचा पुनमचंद मालक. मी निवृत्त मास्तर, संध्याकाळी तिथे लेकरांना फुकट शिकवणारा. ते पुसणं पाहून मला शिसारी यायची.

महिला गटाच्या हळद केंद्रात कॉम्प्युटर ऑपरेटरची एक जागा निघाली होती. शुक्रवारी परीक्षा, आणि जिवनबाईला पडद्यावरचा बाण चौकटीवर थांबवताच येईना. माऊस जरा हलला की बाण पार टोकाला.

"खुरप्याचा हात आहे तो," पुनमचंद म्हणायचा.

"सराव करा," मी शांतपणे म्हणायचो. असे आठ दिवस गेले.

बुधवारी ती म्हणाली, "गुर्जी, गोऱ्हा उधळला तर आमी कासरा आवळतो. इथं कासरा कुठंय?"

मी पहिल्यांदा तिच्या जागी बसलो. माझाही बाण पळाला. मशीनची सेटिंग उघडली. तिथे मराठीत लिहिलं होतं : 'दर्शक त्वरण संवेदनशीलता समायोजन'. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या मला ते तीनदा वाचावं लागलं. हे लिहिणाऱ्याने कधी कुणाला काही समजावून सांगितलं असेल का? खाली एक रेघ, तिच्यावर एक गोटी, अगदी उजव्या टोकाला. हळू कुठे, जोरात कुठे, काही लिहिलेलं नाही.

"ते मीच केलंय," पुनमचंद म्हणाला. "गेमला फास्ट लागतं."

"आणि शिकणाऱ्यांना?"

"त्यांनी शिकावं की."

मला त्याची किळस आली. मग स्वतःची. आठ दिवस मी 'सराव करा' म्हणत बाईलाच दोष देत होतो आणि त्या म्हणण्याला स्वतःचा धीर समजत होतो.

गोटी डावीकडे सरकवली. बाण चालायला लागला. मी तिला ते लांबलचक नाव वाचून दाखवलं.

"इतकं कोन बोलतं, गुर्जी? कासरा म्हना."

मी चिठ्ठी लिहून पडद्याखाली चिकटवली : 'कासरा. डावीकडे आवळा, उजवीकडे ढिला सोडा.' गोटीपर्यंत कसं पोचायचं, ते तिने दोन दिवस घोकलं.

शुक्रवारी परीक्षा हिंगोलीत, तिथलं मशीन दुसरं. मी खिडकीबाहेर उभा. तिने माऊस हलवला, बाण उधळला. तिने हात वर केला.

"मॅडम, पहिले कासरा आवळू द्या."

"काय आवळू?"

जिवनबाईने सेटिंग उघडून गोटी दाखवली. मॅडम पडद्याकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "आवळा." एकही चौकट तिने चुकवली नाही.

सोमवारी यादीत तिचं नाव लागलं. पुनमचंदने दारावर तिचा फोटो लावला, खाली 'आमच्या क्लासच्या सरावाचं यश'. मला पेढा दिला. मशीनवरची चिठ्ठी गेली होती. गोटी पुन्हा उजव्या टोकाला.

"चिठ्ठी काहून काढली?"

"गबाळं दिसतं, गुर्जी."

मी पेढा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे डिंक मागितला.