लाभ, दोन, तीन

गणपतरावांची नजर गेली आणि त्यांच्या रहस्यकथा सुटल्या. उचगावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, तेव्हा त्यांच्यासारखा वाचक दुसरा नव्हता. त्यांच्यासाठी नऊ प्रकरणांची एक कादंबरी मी माझ्या चिरक्या आवाजात वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवली. मग कोल्हापुरातून प्रोग्रॅमिंगचं पुस्तक आणून स्वतःच प्रोग्रॅम लिहिला: आकडा दाबला, की त्या नंबराचं प्रकरण वाजावं. या वयात हे जमेल असं मलाच वाटत नव्हतं.

आपल्या घराच्या सोप्यात, पुढच्या पडवीत बसून गणपतरावांनी एक दाबला. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आबा, हितं तर मढं न्हेलं सुदिक! खून झाला कवा?"

दुसरं प्रकरण वाजत होतं. मी घाबरून म्हणालो, "नऊ दाबून बघा."

फोन गप्प.

"वाचणाऱ्यानंच खुनी पळवला की!" ते हसले. मग फोन माझ्याकडे सरकवला. "ऱ्हाऊ द्या, आबा. आता आपल्या नशिबात पुस्तक न्हाय."

ते मला फार लागलं. मी प्रोग्रॅम उघडला. नऊ प्रकरणं एका रांगेत होती. अशा रांगेला अ‍ॅरे म्हणतात. चौकटी कंसात जागेचा नंबर दिला, की त्या जागेवरचं मिळतं. दाबलेला आकडाच मी कंसात दिला होता. चूक दिसेना.

अंगणात गणपतरावांच्या पत्नी झुंबरबाई शेजारणीला ज्वारी मापून देत होत्या. "लाभ... दोन... तीन..."

"वहिनी, एक का म्हटलं नाही?"

"पयल्या मापाला कोण एक म्हणतंय व्हय, भावजी? त्येचं नाव येगळं!"

पहिल्याचं नाव वेगळं! अ‍ॅरेतही पहिल्याला एक म्हणत नाहीत, शून्य म्हणतात. शून्यापासून आठपर्यंत नऊ प्रकरणं झाली; नऊ नंबरावर काही नाहीच. पुस्तकात हे वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते आत्ता. लगेच कंसातल्या आकड्यापुढे 'उणे एक' लिहिलं.

"दाबा एक."

पहिलं प्रकरण सुरू झालं. सावकार अजून जिवंत होता, चहा पीत होता.

"आता नऊ बघूया?"

"खबरदार! खुनी कुठं पळतोय आता?"

आठ प्रकरणं ऐकून दिवेलागणीला त्यांनी नऊ दाबला. शेवटी "घावला!" अशी आरोळी ठोकली, की शेजारीण धावत आली.

"कोण घावला ओ?"

"खुनी!" मीच ओरडलो. एवढ्या मोठ्याने मी जन्मात बोललो नव्हतो.