वरचा थर

शेठ गुडघा चोळत दवाखान्यात शिरला, तेव्हा तिथल्या लॅबमध्ये काम करणाऱ्या तिला मनापासून आनंद झाला. दुसऱ्याच्या दुखण्याने आनंद होऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे. तिची आई अकरा वर्षं याच शेठच्या कापडाच्या दुकानात उभी होती. उभी म्हणजे अक्षरशः उभी. गिऱ्हाईक असो नसो, काउंटरमागे कुणी टेकायचं नाही, असा त्याचा नियम. एका दुपारी आई ताग्यांच्या गठ्ठ्यावर दोन मिनिटं टेकली आणि त्याने ते कॅमेऱ्यात पाहिलं. भरल्या दुकानात तिला म्हणाला, "बसायची एवढी हौस असेल तर घरी बसा." आई घरी बसली. आता तर तिला धड बसताही येत नाही आणि उठताना भिंत धरावी लागते.

आणि आज तोच शेठ लॅबमध्ये तिच्यापुढे बाही वर करून बसला होता. त्याने तिला ओळखलं नाही. दुकानातल्या बायकांना घरी मुलंबाळं असतात, हे तरी त्याच्या कधी ध्यानात आलं असेल का, कोण जाणे.

काम तिच्या रोजच्या सवयीचं होतं. पेशंटचंच रक्त घ्यायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं, तांबड्या पेशी खाली बसल्या की वरचा पिवळा प्लाझ्मा दुसऱ्या नळीत घेऊन पुन्हा फिरवायचा. मग प्लेटलेट तळाशी जमतात. वरचा बराचसा भाग टाकून द्यायचा, तळचा तेवढा ढवळून सिरिंजमध्ये भरायचा आणि डॉक्टरांच्या हाती द्यायचा. डॉक्टर तो गुडघ्यात सोडतात. जो काही गुण यायचा तो तळच्या भागाने. वरचा थर म्हणजे नुसतं पाणी म्हणा ना. पण सिरिंजमध्ये दोन्ही पिवळंच दिसतं. कुठलं भरलं, ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

तिने सुई वरच्या थरातच थांबवली. सिरिंज भरली, तळचा माल कचऱ्याच्या डब्यात ओतला आणि झाकण लावलं. अपाय काहीच होणार नव्हता, फक्त उपाय होणार नव्हता. भोग म्हणावं आता. दिवसभर तिला इतकं हलकं वाटत होतं की लॅबमधले वयस्कर टेक्निशियन, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी दोनदा विचारलं, लग्नबिग्न ठरलं की काय.

तीन आठवड्यांनी शेठ तपासणीला आला तो ताडताड चालत. जिने चढतो म्हणाला, झोप लागते म्हणाला. डॉक्टर खूश. नुसत्या भरवशावरही माणसाला बरं वाटतं, हे ती शिकलेली होती. पण हा भरवसा नेमका याच मेल्याला फळावा? आईच्या गुडघ्यांवरही इथेच हाच उपचार चालू होता. तिच्या दोन्ही इंजेक्शनांचा प्लाझ्मा तिने स्वतः, श्वास रोखून, थेंब न् थेंब तळचा भरला होता. आणि आईला काडीचाही फरक नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी आई पलंगावर पाय पसरून कपड्यांच्या घड्या घालत होती. लेकीला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. शाबासकी मिळेल, निदान आई दोन शिव्या तरी हासडेल त्या शेठला, असं तिला वाटत होतं. आधी आई हसलीही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हातातली घडी तशीच मांडीवर ठेवून तिने विचारलं, "पेशंटला कळत नाही?"

"नाही."

"डॉक्टरांना?"

"त्यांनाही नाही. म्हणून तर जमलं."

आई बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. "मग मला कुठलं दिलंस?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती भडकली. शपथा घेतल्या, आईचे पाय धरले, रडली. आई शांतपणे म्हणाली, "तू दिलंच असशील गं नीट. पण माझ्यावरही कधी कधी चिडतेस ना तू. आता सुई टोचली की माझ्या मनात हेच येणार."

पुढच्या आठवड्यात आईचं तिसरं इंजेक्शन होतं, आणि शेठचं दुसरं. दोघं बाहेरच्या बाकावर हातभर अंतरावर बसली होती. शेठने आईलाही ओळखलं नाही. तिने आईचं नाव पुकारलं, तशी आई भिंत धरून उठली आणि तिला ओलांडून थेट मामांच्या टेबलाशी गेली.

"माझं तुम्हीच करा," आई म्हणाली. "आपल्या माणसाचं रक्त पोरीला बघवत नाही हो."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. गेल्या दोन्ही खेपांना आईचं रक्त तिनेच तर काढलं होतं.

बाहेर बसलेल्या शेठला राहवलं नाही. "अहो बाई, हिच्याकडूनच करून घ्या," तो मोठ्याने म्हणाला. "काय हात आहे पोरीचा. माझाच गुडघा बघा ना."

आईने मान वळवून त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग बाही वर केली आणि हात मामांपुढे धरला.