छातीच्या हाडातलं भोक

सामूहिक कबरीतून निघालेली हाडं तपासणाऱ्या डॉक्टर इब्तिहालने रिसनच्या छातीचं हाड तबकात मांडलं: वर खंजिराच्या मुठीसारखा भाग, त्याखाली पातं. टोक मातीतच विरून गेलं होतं. पात्याच्या खालच्या अंगाला हरभऱ्याएवढं भोक होतं, आणि उम्म रिसनची, म्हणजे रिसनच्या आईची, नजर नेमकी तिथेच गेली.

"समोरून गोळी लागलीय बघ, पोरी!" म्हातारी म्हणाली. "छातीवर झेलली माझ्या रिसनने."

सरकारचं लष्कर उठाव मोडायला आलं तेव्हा रिसन सोबत्यांना टाकून पळाला, असं नासिरियाजवळच्या त्यांच्या गावात सगळे म्हणत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हातारीने बत्तीस वर्षं मान खाली घालून काढली. धाकटा सब्री तर भावाचं नावही काढत नसे. आजही हाडं न्यायला आला खरा, पण बाहेर बाकावरच बसून राहिला.

इब्तिहालला गप्प बसता आलं असतं. तिचा अहवाल गावात कोण वाचणार होतं? पण तिच्याने राहवलं नाही. तिने म्हातारीचं बोट धरून भोकाच्या कडेवरून फिरवलं.

"गुळगुळीत लागतंय ना, मावशी? गोळीने हाड तडकतं. हे जन्माचं आहे. पोटात असताना हे हाड दोन बाजूंनी येऊन मधोमध जुळतं. एखाद्याचं एवढंसं जुळायचं राहून जातं. त्याने काही बिघडत नाही."

"म्हणजे माझ्याच पोटात राहिलं."

"हो."

"मग गोळी?"

"मानेवर. मागून, अगदी जवळून. हात तारेने बांधलेले होते."

म्हातारीने काळा अबाया तोंडावर ओढून घेतला. इब्तिहालला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात सब्री आत डोकावला.

"उरक की, आई. गाडीवाला केव्हाचा खोळंबला..."

त्याला तबक दिसलं. मग भोक दिसलं. तो पुढे आला आणि गुडघे टेकून हाडावर वाकला.

"छातीवर घेतली होय रे, दादा? आणि मी चार लोकांत तुला पळपुटा म्हणत राहिलो!"

तो हमसून रडू लागला. आता इब्तिहाल काही बोलणार नव्हती. म्हातारीला हवं होतं ते आयतंच पदरात पडलं होतं. नुसतं गप्प राहिलं की झालं.

म्हातारीने तोंडावरचा अबाया बाजूला केला.

"ते गोळीचं नाही, सब्री. ते माझ्या पोटातलं आहे."

मग तिने त्याच्या वाकलेल्या मानेवर हात ठेवला.

"गोळी इथे लागली. हात बांधून."

सब्री तसाच वाकून राहिला.