जावईबापूंची उजेडाची पेटी

आमच्या जावईबापूंच्या अंगात शहाणपण इतकं, की बसले की खुर्ची करकरते.

माझा नवरा शिंपी. जन्मभर हौस एकच, अंगुस्तानं जमवायची. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ना, ती टोपी. पितळेची, हाडाची, चिनीमातीची. एक तर एवढुसं, की मुंगीने घालून दुलई शिवावी! नवरा गेला आणि जावईबापूंना त्यांत एकदम रस आला. कुणी शौकीन सगळी विकत घेणार होता, फक्त रविवारपर्यंत त्याला लख्ख फोटो हवे होते.

"आई, नुसती धूळ खातायत ती."

"तुम्हीही सोफ्यावर तेच करता. तुम्हाला काढलं का आम्ही विकायला?"

लेक हसायला स्वयंपाकघरात पळाली. जावईबापू अंगुस्तानांचा डबा घेऊन माडीवर.

माडीवर जमीन फळ्यांची. तिथे त्यांनी कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड रोवला. समोर पांढऱ्या कापडाची पेटी, दोन्ही बाजूंनी दिवे. उजेड एवढा, की समोरच्या घरातली बाई वाळत घालायला ओले कपडे घेऊन आली! पेटीत माझ्या नवऱ्याचं पितळी अंगुस्तान, एखाद्या आरोपीसारखं उभं.

"आई, मागचं कापड चुरगळलंय. लांबलचक एक शिवून द्या ना."

"देते की. तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी?"

त्याच खोलीत भिंतीशी नवऱ्याचं पायमशीन. मी शिवायला बसले.

बारीक वस्तू नीट यायची तर कॅमेरा म्हणे दोन-तीन सेकंद डोळा उघडा ठेवतो. तेवढ्यात काही हलता कामा नये. जावईबापूंनी बटण दाबलं, श्वास कोंडला, डोळेसुद्धा मिटले. मी पायडल मारलं. खडखडखड! फळ्या अशा थरथरल्या, की तळघरातल्या उंदराचे दात वाजले.

फोटोत अंगुस्तानाला थंडी भरलेली.

"ट्रक गेला वाटतं रस्त्यावरून," जावईबापू म्हणाले.

"गेला असेल हो. मेले सारखे जातात."

मग त्यांनी स्क्रू आवळले. स्टँडला विटांची पिशवी टांगली. खिडकीतून एका सायकलवाल्याला शिव्या घातल्या. माणसाने किती ठिकाणी बघावं! फक्त माझ्या पायांकडे नाही बघितलं. सासू शिवते म्हणजे त्यांच्या लेखी पंखा फिरतो.

"आई, किती गं शिवशील?" लेक दारातून म्हणाली.

"यांना जोड दिसायला नकोय ना! उसवून परत घालते."

रविवारी त्या शौकिनाचा फोन आला. "अहो, ही अंगुस्तानं आहेत की भुतं? राहू द्या. मला दुसरीकडे मिळाली."

जावईबापूंनी स्टँडला लाथ घातली. स्टँड उभाच राहिला, तेच लंगडले.

"भिकार स्टँड! आणि ते कापड राहू द्या आता, आई."

"असं कसं? एवढी मेहनत केलीत तुम्ही. शेवटची दुमड तेवढी हाताने घालते."

पेटीत हात घालून मी पितळी अंगुस्तान उचललं आणि बोटात चढवलं. अजून नवऱ्याच्याच मापाचं आहे, सैल होतं. पण सुई टोचत नाही.